कमरेला उघड पिस्तूल, कातडीचा रंग आणि ओहायोचे पोलीस

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी मला नुकताच एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा इथेच जन्मला, तेवीस वर्षांचा आहे, त्याने रीतसर पिस्तूल विकत घेतले आहे, आणि त्याचा गोरा मित्र जसा कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल लावून सगळ्यांदेखत किराणा दुकानात जातो तसेच आपणही जावे, असे त्याच्या मनात आहे. वडिलांचा प्रश्न असा होता : "ताई, कायदा दोघांना एकच आहे ना? मग पोलीसही दोघांशी सारखेच वागतील ना?" मी गेली बावीस वर्षे ओहायोत फौजदारी खटल्यांत आरोपींची बाजू मांडते आणि यातल्या बऱ्याच खटल्यांची सुरुवात रस्त्यात पोलिसांनी कोणाला तरी अडवण्यापासून झालेली असते. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होणे मला पटले नाही.

आधी उत्तर सांगते, मग कारणे. कायदा एकच आहे. वागणूक एक नाही, आणि तिच्यातला बराचसा फरक वंशाशी जोडलेला आहे. मात्र हा फरक नेमका कुठे शिरतो याबद्दल लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. रस्त्यावरच्या पोलिसाच्या मनात द्वेष आहे की नाही, यावरच सगळी चर्चा अडकून पडते. माझ्या अनुभवात वंशाचा परिणाम त्याच्या बराच आधी, कोणीतरी ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन लावतो त्या क्षणी सुरू होतो, आणि पोलीस गाडीतून उतरतो तेव्हा निम्मे काम झालेले असते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण हक्क किती पक्का आहे हे कळल्याशिवाय तफावत किती मोठी आहे हे कळत नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क ओहायोच्या १८५१ च्या राज्यघटनेत आहे. २००३ मध्ये 'क्लाइन विरुद्ध लीस' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र लपवून बाळगण्यावरची बंदी वैध ठरवली, पण उघड बाळगण्याला कायद्याची आडकाठी नव्हती आणि आजही नाही. त्यासाठी परवाना लागत नाही. १३ जून २०२२ पासून तर एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या पात्र व्यक्तीला पिस्तूल लपवून नेण्यासाठीही परवाना लागत नाही, आणि पोलिसाने अडवल्यावर आपण होऊन "माझ्याकडे शस्त्र आहे" असे सांगण्याचे बंधनही गेले. त्याने विचारले तर मात्र खरे सांगावे लागते. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देणारी राज्ये २०२४ पर्यंत एकोणतीस झाली.

या हक्काला धार आणणारा निकालही ओहायोतूनच गेला. जून २०१० मधल्या एका संध्याकाळी टोलेडो शहरात एक गृहस्थ पत्नी, मुलगी, नातू आणि कुत्र्याला घेऊन फिरायला निघाले होते आणि त्यांच्या कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल होते. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाला ते खटकले, त्याने ९११ ला फोन केला, पोलीस आला, त्याने पिस्तूल काढून घेतले, त्या गृहस्थांना बेड्या घालून गाडीत बसवले आणि शेवटी किरकोळ आरोपाची चिठ्ठी हातात ठेवली. तो आरोप पुढे मागे घेतला गेला. 'नॉर्थरप विरुद्ध टोलेडो' या दाव्यात सहाव्या सर्किटच्या, म्हणजे ओहायोसह काही राज्यांवरच्या केंद्रीय (फेडरल) अपील न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की राज्याने जे करायला मुभा दिली आहे तेवढेच करणाऱ्या माणसाला, गुन्ह्याचा दुसरा काही संशय नसताना, पोलीस अडवू शकत नाहीत. दोन वर्षे आधी, २०१३ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खटल्यात चौथ्या सर्किटनेही हीच भूमिका घेतली होती. शस्त्र कोणते आणि जागा कोणती याने मात्र फरक पडतो. टेनेसीतल्या एका राज्य उद्यानात लष्करी छापाचे कपडे घालून आणि एके-४७ च्या धर्तीचे पिस्तूल घेऊन हिंडणाऱ्या माणसाला अडीच तास रोखून धरले, ते २०१२ मध्ये याच सहाव्या सर्किटने योग्य ठरवले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण प्रत्येक अडवणुकीमागे वंशच असतो असे माझे म्हणणे नाही.

आता त्या फोनकडे येते. माझ्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ९११ च्या कॉलची ध्वनिफीत ऐकणे आणि तिच्याशेजारी डिस्पॅचरने (फोनवरची माहिती घेऊन पोलिसांना पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याने) संगणकावर टंकलेला मजकूर ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहणे. फोन करणारा बोलतो, डिस्पॅचर त्याचे चार-पाच शब्दांत टिपण करतो, आणि गाडीत बसलेल्या पोलिसाच्या पडद्यावर पोहोचतात ते हे चार-पाच शब्द. दोन प्रकरणे माझ्या चांगली लक्षात आहेत. दोन्ही एकाच काउंटीतली असून त्यांच्यात तीन वर्षांचे अंतर होते. पहिल्यात एका गोऱ्या माणसाबद्दल तक्रार आली. डिस्पॅचरने विचारले, "तो पिस्तुलाचे काय करतो आहे?" उत्तर आले, "काही नाही, कमरेला आहे." त्यावर डिस्पॅचर शांतपणे म्हणाली की ओहायोत उघड पिस्तूल बाळगायला परवानगी आहे, त्याने ते हातात घेतले तर पुन्हा फोन करा. एक गाडी वाटेत असताना तिकडून गेली आणि न थांबता निघून गेली. हे प्रकरण माझ्यापर्यंत आले ते त्या माणसाच्या दुसऱ्याच एका खटल्याच्या कागदपत्रांतून. दुसऱ्यात माझा अशील एक मध्यमवयीन कृष्णवर्णीय माणूस होता. वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती हा त्याचा व्यवसाय, आणि पेट्रोल पंपावर तो कामाच्या गणवेशात उभा होता. फोन करणारी बाई म्हणाली, "एका माणसाच्या पट्ट्याला बंदूक आहे, तो इकडेतिकडे बघतो आहे." डिस्पॅचरचा पहिला प्रश्न होता, "काळा, गोरा की हिस्पॅनिक?" दुसरा, कपडे कसले. बंदुकीचे तो काय करतो आहे, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. पडद्यावर उमटले ते असे : कृष्णवर्णीय पुरुष, सशस्त्र, संशयास्पद हालचाली. चार गाड्या आल्या. माझा अशील चाळीस मिनिटे तापलेल्या काँक्रीटवर गुडघ्यांवर बसून होता आणि त्याच्या कामाच्या गणवेशाच्या विजारीला गुडघ्याशी पडलेली दोन भोके त्याने नंतर मला दाखवली.

दोन प्रकरणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे वकील म्हणून मला कळते. पण यंत्रणा कशी चालते हे त्यांतून स्पष्ट दिसते. वंश विचारण्यात डिस्पॅचरची चूक नाही. वर्णन घ्यायचे तर तो प्रश्न येणारच. अडचण अशी की फोन करणाऱ्याची भीती त्या वर्णनाबरोबर पुढे जाते आणि तिच्यावर कोणाचीही सही नसते. "इकडेतिकडे बघतो आहे" हे पेट्रोल भरताना प्रत्येक जण करतो. गोऱ्या माणसाबद्दल ते सांगण्याजोगेही कोणाला वाटत नाही, आणि काळ्या माणसाबद्दल त्याची "संशयास्पद हालचाल" होते.

असा फोन काय करू शकतो, याची दोन उदाहरणे ओहायोला कायमची चिकटली आहेत. ५ ऑगस्ट २०१४ रोजी बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड हा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण फोनवर बोलत फिरत होता. त्याच्या हातात दुकानाच्याच फळीवरून उचललेली, विक्रीला ठेवलेली छऱ्यांची बंदूक होती. एका ग्राहकाने ९११ ला कळवले की तो माणसांवर बंदूक रोखतो आहे. दुकानाच्या कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणात तो बंदूक खाली धरून, आपल्याच बोलण्यात गुंग असलेला दिसतो. पोलीस आत शिरले आणि आज्ञा व गोळी यांत जेमतेम श्वास घेण्याएवढे अंतर राहिले. धावपळीत एका ग्राहक महिलेचाही मृत्यू झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) पोलिसावर आरोप ठेवण्यास नकार दिला आणि २०२० मध्ये शहराने कुटुंबाशी १७ लाख डॉलरची तडजोड केली. ती बंदूक खरी असती तरीही हातात खाली धरलेली बंदूक हा ओहायोत गुन्हा नव्हता, हे ध्यानात ठेवले म्हणजे प्रकरणाचे गांभीर्य कळते. माणूस मारला गेला तो कृतीपेक्षा कृतीच्या वर्णनामुळे.

तीन महिन्यांनी, २२ नोव्हेंबर २०१४ रोजी, क्लीव्हलँडच्या एका उद्यानात १२ वर्षांचा टॅमीर राइस खेळण्यातले पिस्तूल घेऊन बसला होता. इथे फोन करणाऱ्याने आपले काम नीट केले होते. पिस्तूल बहुधा खोटे आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे, असे त्याने सांगितले होते. डिस्पॅचिंगच्या साखळीत हे दोन्ही तपशील गळाले. गाडी थेट मुलाच्या पुढ्यात जाऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. गोळीबारानंतर रेडिओवर पोलिसांनी त्याचे वय सांगितले ते सुमारे वीस. कृष्णवर्णीय मुलांचे वय मोठे समजले जाते ही गोष्ट मी ज्युरीसमोर अनेकदा मांडली आहे, पण त्या रेडिओ संदेशाइतका बोलका पुरावा क्वचितच हाती लागतो. शहराने २०१६ मध्ये ६० लाख डॉलर दिले. कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्याला २०१७ मध्ये आठ दिवस निलंबित केले गेले.

शस्त्राचा संबंध नसलेले, पण आपल्या लोकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण इथे सांगते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामाच्या मॅडिसन गावात, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या घरासमोरच्या रस्त्याने फेऱ्या मारत होते. शेजारच्या कोणीतरी फोन करून सांगितले की एक काटकुळा काळा माणूस घरे न्याहाळत फिरतो आहे. आलेल्या पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले आणि ते अंशतः पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांच्याकडे शस्त्र तर सोडाच, काठीही नव्हती. त्या पोलिसावरच्या फेडरल खटल्यात ज्युरीचे दोनदा एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याची सुटका केली. आपण 'काळे' नाही म्हणून हा विषय आपला नाही, असे मानणाऱ्या आपल्या लोकांना मी नेहमी हे प्रकरण सांगते. फोन करणारा आपली जात, पदवी किंवा पासपोर्ट पाहत नाही. लांबून जो रंग दिसतो तो सांगतो.

फोनवरच्या शब्दांचे वजन किती असते याचा एक प्रयोग झालेला आहे. पॉल टेलर या संशोधकाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३०६ कार्यरत पोलिसांना सिम्युलेटरसमोर उभे केले. पडद्यावरचा माणूस खिशातून मोबाइल काढतो. ज्यांना आधी काहीच विशेष सांगितले नव्हते त्यांच्यातल्या २८ टक्क्यांनी गोळी झाडली. तो फोनवर बोलतो आहे असे ज्यांना कळवले होते त्यांच्यातल्या ६ टक्क्यांनी, आणि त्याच्या हातात बंदूक आहे असे ज्यांना कळवले होते त्यांच्यातल्या ६२ टक्क्यांनी. माणूस तोच, मोबाइल तोच, प्रशिक्षणही तेच होते. या प्रयोगाचा विषय वंश नव्हता. पण फोनवरचे वर्णन वंशानुसार बदलते हे एकदा मान्य केले, तर या ६ आणि ६२ मधल्या दरीत कोण पडणार, हे वेगळे सांगायला नको.

पोलिसाच्या स्वतःच्या नजरेचा प्रश्न यानंतर येतो. मानसशास्त्रज्ञ जोशुआ कोरेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की संगणकावरच्या खेळात सशस्त्र कृष्णवर्णीय माणसावर गोळी झाडण्याचा निर्णय लोक अधिक झटपट घेतात आणि निःशस्त्र गोऱ्याला सोडून देण्याचा निर्णयही अधिक झटपट घेतात. २००७ मध्ये त्यांनी डेन्व्हरच्या पोलिसांवर हाच प्रयोग केला तेव्हा प्रतिसादाच्या वेगातला कल पोलिसांतही आढळला, मात्र गोळी झाडायची की नाही या अंतिम निर्णयात पोलीस सामान्य नागरिकांपेक्षा बरेच अचूक निघाले. पोलिसांच्या बाजूचा हा निष्कर्ष मी ज्युरीपासून लपवत नाही. प्रशिक्षणाने फरक पडतो. प्रयोगशाळेत आणि पेट्रोल पंपावर एक भेद मात्र राहतो : प्रयोगशाळेत कोणी आधी फोन करून घाबरवलेले नसते.

मिनेसोटात ६ जुलै २०१६ रोजी फिलांडो कॅस्टिल याच्या बाबतीत जे घडले त्यात पिस्तूल उघड दिसत नव्हते, पण त्याने स्वतःच ते शब्दांनी उघड केले होते, म्हणून ते इथे लागू आहे. तो शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा ३२ वर्षांचा माणूस होता आणि त्याच्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना होता. त्याला अडवण्याआधी पोलिसाने रेडिओवर सांगितले होते की गाडीतली माणसे दरोड्यातल्या संशयितांसारखी दिसतात, आणि त्यासाठी पसरट नाकाचा उल्लेख केला होता. कॅस्टिलने अदबीने सांगितले की माझ्याजवळ शस्त्र आहे. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधीच्या तेरा-चौदा वर्षांत तो वाहतुकीच्या किरकोळ कारणांवरून चाळीसहून अधिक वेळा अडवला गेला होता. जून २०१७ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. परवानाधारकांना शिकवणीत जे करायला सांगतात तेच कॅस्टिलने केले. त्यामुळे "नियम पाळा म्हणजे काही होत नाही" हे वाक्य माझ्या तोंडून आता निघत नाही.

याउलट उदाहरणे आहेत आणि ती बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २०१६ मध्ये ॲरिझोनाच्या मेसा शहरात, हॉटेलच्या खिडकीतून बंदूक दिसल्याचा फोन आल्यावर, डॅनियल शेव्हर या गोऱ्या माणसाला पोलिसाने मार्गिकेत रांगायला लावून गोळी घातली. ती उंदीर-पक्ष्यांच्या बंदोबस्तासाठी वापरायची हवेची बंदूक होती आणि गोळी लागली तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हते. तोही पोलीस निर्दोष सुटला. म्हणजे फोनने पेटलेली भीती गोऱ्यालाही सोडत नाही. दुसऱ्या बाजूला, २५ जुलै २०२० रोजी लुइव्हिल येथे शेकडो सशस्त्र कृष्णवर्णीयांचा जथा रायफली घेऊन शहरातून चालत गेला. त्यांच्यातल्याच एका शस्त्रातून चुकून सुटलेल्या गोळीने तिघे जखमी झाले, तरी पोलिसांशी चकमक झाली नाही. त्याच वर्षी ३० एप्रिलला मिशिगनच्या लॅन्सिंगमध्ये, बहुतांश गोरे असलेले सशस्त्र निदर्शक विधानभवनात शिरले होते, आणि ६ मे रोजी सारा अँथनी या कृष्णवर्णीय आमदार सशस्त्र कृष्णवर्णीय नागरिकांच्या सोबतीने त्याच इमारतीत चालत गेल्या. दोन्ही वेळा गोळी चालली नाही.

या उदाहरणांतून माझा निष्कर्ष असा आहे की जमाव, पूर्वसूचना आणि कॅमेरे असले की पोलिसांकडे विचार करायला वेळ असतो, वरिष्ठ हजर असतात, आणि वंशाचा प्रभाव बराच दबतो. तो सर्वाधिक उफाळतो तो एकट्या माणसाच्या, अचानक घडलेल्या गाठीत. गोंधळातही तो दिसतो, एकाच्या विरुद्ध आणि दुसऱ्याच्या बाजूने. ७ जुलै २०१६ च्या रात्री डॅलसमध्ये पाच पोलीस मारले गेले तेव्हा मोर्चात वीस-तीस माणसे कायद्याने रायफली घेऊन चालत होती. पोलीस खात्याने संशयित म्हणून छायाचित्र प्रसिद्ध केले ते मार्क ह्यूज या कृष्णवर्णीय माणसाचे. त्याचा काहीही संबंध नव्हता आणि त्याने आपली रायफल स्वतःहून पोलिसाच्या हाती दिली होती. त्या रात्री पोलिसांवर खरोखरच गोळ्या झाडल्या जात होत्या, म्हणून मी त्यांना फार दोष देत नाही. पण २५ ऑगस्ट २०२० च्या रात्री विस्कॉन्सिनच्या केनोशात, दोघांना ठार करून १७ वर्षांचा काइल रिटनहाउस हात वर करून, छातीशी रायफल लटकवून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत आला, मागून लोक ओरडून सांगत होते, आणि गाड्या त्याला ओलांडून पुढे गेल्या. तो घरी गेला आणि काही तासांत आपल्या गावच्या पोलिसांसमोर स्वतः हजर झाला. पुढे स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले, आणि त्या निकालाशी मला इथे कर्तव्य नाही. मी फक्त त्या गाड्यांकडे पाहते. डॅलसच्या गोंधळात निरपराध माणूस संशयित दिसला आणि केनोशाच्या गोंधळात रायफलधारी मुलगा दिसूनही दिसला नाही.

आकडेवारीबद्दल थोडक्यातच सांगते, कारण या विशिष्ट प्रश्नावर ती थेट बोलत नाही. एफबीआयने २०१९ पासून बळाच्या वापराची राष्ट्रीय नोंद सुरू केली, पण तिच्यात मृत्यू, गंभीर इजा आणि पोलिसाने माणसावर केलेला गोळीबार यांचीच नोंद होते आणि माहिती देणे खात्यांना ऐच्छिक आहे. माझ्या अशिलाची गुडघ्यांवरची चाळीस मिनिटे तिच्यात कुठेही येत नाहीत. अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या २०१९ च्या अभ्यासाचा हवाला दोन्ही बाजू देतात : बेड्या घालणे, भिंतीवर ढकलणे, शस्त्र रोखणे अशा खालच्या पातळीवरचे बळ वापरले जाण्याची शक्यता कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्तीची असल्याचे त्यांना आढळले, गोळीबारात मात्र त्यांना वांशिक फरक दिसला नाही. त्यावर २०२० मध्ये नॉक्स, लोव आणि मुमोलो यांनी असा आक्षेप घेतला की अशा प्रकारच्या अभ्यासांतल्या नोंदी फक्त अडवलेल्या माणसांच्या असतात, आणि अडवण्यातच पक्षपात असेल तर पुढचे सगळे गणित तो झाकून टाकते. मला हा आक्षेप पटतो. न्यूयॉर्कच्या 'थांबवा आणि झडती घ्या' धोरणाच्या २०१३ च्या निकालात हेच दिसले : जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळातल्या ४४ लाख अडवणुकांपैकी ८३ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक लोकांच्या होत्या आणि शस्त्र सापडण्याचे प्रमाण मात्र गोऱ्यांमध्ये किंचित जास्त होते, १.४ टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये १.० टक्के.

न्यायालयात वंशाचा मुद्दा मांडणे इतके अवघड का, हेही सांगायला हवे, कारण अशिलाचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. या कायद्याचे मूळसुद्धा क्लीव्हलँडचे आहे. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी युक्लिड अव्हेन्यूवर डिटेक्टिव्ह मॅकफॅडन यांनी दोन कृष्णवर्णीय माणसे आणि त्यांना भेटलेला एक गोरा माणूस यांना अडवून अंग चाचपले आणि त्यातून १९६८ चा 'टेरी विरुद्ध ओहायो' निकाल झाला : वाजवी संशय असेल तर अडवता येते, आणि माणूस सशस्त्र व धोकादायक वाटला तर वरवर झडती घेता येते. अल्पसंख्याकांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, पोलीस छळतात अशा तक्रारींची दखल त्याच निकालात आहे, पण आपण त्यावर फारसे काही करू शकत नाही अशा सुरात ती घेतली गेली आहे. १९९६ च्या 'व्रेन' निकालाने पुढचे दार लावले. वाहतुकीचे क्षुल्लक का होईना खरे कारण असेल, तर पोलिसाचा आतला हेतू चौथ्या घटनादुरुस्तीखाली (विनाकारण झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीखाली) तपासला जात नाही. वंशभेदाची तक्रार समान संरक्षणाच्या कलमाखाली करावी लागते आणि तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. हेतू कोण कागदावर लिहून ठेवतो? २०१७ मध्ये चौथ्या सर्किटने वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खटल्यात असे ठरवले की रीतसर अडवलेला माणूस सशस्त्र असेल तर तो झडतीपुरता धोकादायकही समजावा, त्याच्याजवळचे शस्त्र कायदेशीर असले तरी. चार न्यायमूर्ती असहमत होते. माझ्या मते तेच बरोबर होते. जिथे शस्त्र बाळगणे हा हक्क आहे तिथे 'सशस्त्र म्हणजे धोकादायक' असे म्हणणे म्हणजे कोणाला धोकादायक मानायचे याची निवड पोलिसाच्या नजरेवर सोडणे.

आणि ही नजर कोऱ्या पाटीवर तयार झालेली नाही. १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. फ्लोरिडाच्या १८९३ च्या शस्त्र कायद्याबद्दल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी १९४१ मध्ये सरळ लिहिले की तो कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केला होता आणि गोऱ्यांना लावण्याचा कधी उद्देशच नव्हता. १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी माँटगोमेरीत पिस्तुलाचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक २ मे १९६७ रोजी बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटोतल्या विधानभवनात गेले आणि त्याच वर्षीच्या जुलैत राज्यपाल रेगन यांनी सार्वजनिक ठिकाणी भरलेले शस्त्र बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या मल्फर्ड कायद्यावर सही केली. त्या काळी अडचण कायद्याच्या अक्षरांत होती. आज अक्षरे साफ आहेत आणि अडचण ती लागू करणाऱ्या क्षणात आहे.

त्या गृहस्थांच्या मुलाला मी जे सांगितले ते असे. तू नागरिक आहेस, तुझा हक्क पूर्ण आहे. (एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी मात्र हे आपल्याला लागू समजू नये, काही अपवाद सोडले, तर त्यांना फेडरल कायद्याने शस्त्र बाळगताच येत नाही. ग्रीन कार्डधारकांना येते.) दुकानदाराने बंदीची पाटी लावली असेल तर आत जाऊ नकोस, तिथे तुझा हक्क संपतो आणि अतिक्रमणाचा गुन्हा सुरू होतो. तुझ्या मित्राला जो पोलीस हात हलवून जाईल तो तुझ्यापाशी गाडी थांबवेल, हे गृहीत धर. थांबवले तर हात उघडे आणि स्थिर ठेव, होल्स्टरकडे बोटही नेऊ नकोस, शस्त्र कुठे आहे हे दाखवण्यासाठीसुद्धा नाही. "मला अडवले आहे की मी जाऊ शकतो?" एवढे विचार आणि उत्तर कॅमेऱ्यात येऊ दे. कायद्याचा वाद रस्त्यात घालू नकोस. टोलेडोचा निकाल तुझ्या बाजूने आहे, पण तो न्यायालयात कामाचा आहे, पेट्रोल पंपावर नाही. मुलाला हे आवडले नाही. मित्राला यातले काहीच पाळावे लागत नाही, असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते.

वडिलांना मी वेगळी सूचना केली. उद्या असे काही घडलेच, तर पहिल्याच आठवड्यात ओहायोच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली लेखी अर्ज करायचा आणि त्यात तीन गोष्टी नावानिशी मागायच्या : ९११ च्या कॉलची मूळ ध्वनिफीत, डिस्पॅचरने टंकलेल्या मजकुराची वेळेसकट नोंद, आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिसाच्या बॉडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण. नुसता पोलिसांचा अहवाल मागून भागत नाही, कारण फोनवरचे शब्द आणि पडद्यावरचे शब्द यांतला फरक अहवालात उरलेला नसतो. ध्वनिफिती ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात आणि काही ठिकाणी ही मुदत फार थोडी असते. पेट्रोल पंपावरच्या माझ्या अशिलाने त्याच आठवड्यात अर्ज केला होता, म्हणूनच "इकडेतिकडे बघतो आहे" हे चार सेकंदांचे वाक्य न्यायालयात ऐकवता आले.